कुर्ल्यांची खाण की राखेचा किल्ला

वासू,

काल तुझ्या अंगणात मी जनरेटर लावला. सुतकाच्या घरात, सकाळी नऊ वाजता, लग्नाच्या मांडवाला लावतो तोच. दोरी ओढल्याबरोबर तो सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा धडधडायला लागला आणि दुखवट्याला आलेली माणसं दारातच थबकली. तुझे शेजारी भाऊ मला माडाखाली घेऊन गेले आणि कानात म्हणाले, “नंद्या, स्पीकर पण लावतलंस काय रे?”

“नाय भाऊ. लायटीचो भरवसो नाय म्हणान.”

“पण लाइट व्हयी कित्याक? हय काय नाटक आसा?”

वीस वर्षं लोकांच्या मांडवात माइक धरून बोलतोय मी. जत्रेत चुकलेली म्हातारी असो की टेनिस बॉलच्या सामन्यातला सिक्सर, माझी जीभ कधी अडखळली नाही. काल अडखळली. खरं उत्तर असं होतं की भाऊ, वासू दोन ठिकाणी मेला. एका ठिकाणचं आपण सगळ्यांनी मिळून केलं. दुसऱ्या ठिकाणी तो अजून पडलाय, खाणीच्या तळाला, पाण्यात. आज दुपारी साडेबाराच्या आत बाहेर काढला नाही तर त्या पाण्यातच कायमचा संपेल. हे त्या भल्या माणसाला माडाखाली उभं राहून कसं सांगायचं?

तुला सगळं ठाऊक आहे, पण हे इतरही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी सांगतो. आपण दोघे, एक बर्फाच्या कारखान्यातला ऑपरेटर आणि एक मांडव-स्पीकरवाला, चाळिशी उलटलेले, पोराबाळांचे बाप, आठ वर्षं इंटरनेटवर तलवारी घेऊन हिंडत होतो. जगभरची माणसं एकाच वेळी त्या मुलखात येतात. कुणी बुटका होतं, कुणी जादूगार. टोळी करून जमिनीखालच्या भुयारात उतरतात, आतल्या प्राण्यांना मारतात, आतलं सामान बाहेर आणतात. खेळणारे त्या भुयाराला डंजन म्हणतात. तू खाण म्हणायचास, मी किल्ला म्हणायचो, आणि भांडण तिथूनच सुरू व्हायचं.

असल्या खेळाची पहिली सीडी आपण कोल्हापूरहून आणली होती. गाडी फोंडाघाटला चहाला थांबली, तू पिशवी बाकड्यावर विसरलास आणि गाडी सुटून चांगली दूर आल्यावर तुला घाम फुटला. मग मी ड्रायव्हरसमोर उभा राहून असा काही हंबरडा फोडला, “आजीचं औषध राहिलं हो!”, की मागच्या सीटवरची एक बाईसुद्धा रडायला लागली. आपण उतरलो, एका ट्रकवाल्याच्या पाया पडून परत गेलो. चहावाल्याने पिशवी खुंटीला अडकवून ठेवली होती. तू ती छातीशी धरून म्हणालास, “बघ, ठेवल्यान मां? लोकां बरी आसतत.” मी तेव्हाच ओळखायला हवं होतं की हे वाक्य मला आठ वर्षं ऐकावं लागणार आहे.

कारण त्या सीडीतल्या भुयारात लोक अजिबात बरे नव्हते. तो खेळ वरून दिसायचा, कॅरमबोर्डाकडे बघावं तसा. भुयारात भुतं थोडी आणि चोर फार. दारातच एका इसमाने आपल्या दोघांना मारलं आणि चपलांसकट सगळं काढून नेलं. मी विचारलं, “काय रे, लोकां बरी आसतत?” तू बराच वेळ पडद्यावरचे ते आपले दोन उघडे देह बघत राहिलास. मग म्हणालास, “भुकेलो आसात.”

दुसरा खेळ मिळाला आणि त्यात कुर्ल्यांची खाण आली. तिचं खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं, पण आतले रक्षक खेकड्यासारखे, दोन पायांवर चालणारे, म्हणून आपण त्यांना कुर्ल्या म्हणायला लागलो. ओल्या भिंती, कंदिलापलीकडे मिट्ट काळोख, नकाशा नाही. तू वहीच्या पाठकोऱ्या कागदांवर स्वतः नकाशा काढलास, बर्फाचं पाणी लागून त्यातले निम्मे रस्ते पुसट झाले तरी तोच वापरत राहिलास. ही खाण सगळ्या जगाला मिळून एकच. तू आत गेलास तर तिथे आधीच कुणी फिनलंडचा, कुणी ब्राझीलचा बसलेला असायचा. जागा अडलेली असली तर रांग लावायची. आणि कुणी घाबरट आतून पळत सुटला की त्याच्यामागे तीस-चाळीस कुर्ल्या दारापर्यंत यायच्या आणि दारात निवांत बसलेल्या निरपराध माणसांचा चुराडा करायच्या. बहुतेक वेळा तो घाबरट मीच असायचो, हे इथे लेखी कबूल करतो.

आणि तिथलं मरण! तिथे मेलं की तुम्ही नागडे होऊन गावात जागे व्हायचात आणि तुमचं प्रेत, कपडे-हत्यारांसकट, खाणीत पडलेलं राहायचं. परत जाऊन ते आणायचं. स्वतःला जमत नसेल तर कुणाला तरी परवानगी द्यायची, तो येऊन पावला-पावलाने ओढत बाहेर काढणार. सात दिवसांची मुदत. सात दिवसांत मालकाने स्वतः येऊन उचललं नाही तर प्रेत विरून जातं, मग ते कुठेही असो.

मग चार-पाच वर्षांनी तिसरा खेळ आला, त्यात राखेचा किल्ला, आणि मी म्हटलं, याला म्हणतात भुयार! दारावर निळसर पडदा. आपण पाच जण त्यातून आत गेलो की आतला किल्ला फक्त आपला. बाहेरचा कुणी येणार नाही, कुणाच्या चुकीने आपण मरणार नाही. चार अंक, चार खलनायक, प्रत्येकाला एंट्री, प्रत्येकाला संवाद. शेवटचा राक्षस तर मरताना असं काही भाषण ठोकायचा की मी उभा राहून टाळ्या वाजवायचो. पाऊण तासात खेळ खल्लास. मेलात? हरकत नाही, किल्ल्याबाहेर पुन्हा उभे, अंगावर सगळं शाबूत.

“ह्येका काय अर्थ आसा?” तू म्हणायचास. “मेल्यार काय झालाच नाय?”

“मगे काय होवूक व्हया? कामावरसून इलो माणूस, तेका परत खाणीत प्रेतां वडूक लावतंस?”

“किल्ल्यात कोण बोलता तुझ्याशी? सांग. चार जण येतत, मारतत, जातत. नाव म्हायत आसा तुका एकाचा तरी?”

नव्हतं, वासू. किल्ल्यात कुणी बोलत नव्हतं. खाणीत मारामारी झाली की जखमा भरेपर्यंत दहा-दहा मिनिटं नुसतं बसून राहावं लागायचं, आणि बसलं की माणूस बोलतोच. ब्रॉम्बी नावाचा तो बुटका कॅनडात टपाल वाटायचा, त्याच्या गुडघ्यांचं ऑपरेशन कधी होतं हे तुला पाठ होतं. पण हे मी तेव्हा मान्य केलं नाही. वादात एकदा उभं राहिलं की बसायचं नाही, ही माझी खोड तुला ठाऊक आहे.

आपले दोन कॉम्प्युटर तुझ्या पडवीत शेजारी शेजारी. माझा माझ्या बायकोने घराबाहेर काढला म्हणून तुझ्याकडे आश्रयाला आलेला. पहाटे बंदरावर बर्फ चढवून तू अकराला घरी यायचास, तुझी आई, म्हणजे माझ्या काकी, वाटपाचा वास पडवीत सोडायच्या, आणि जेवण होईपर्यंतचे दोन तास आपण जमिनीखाली.

खाणीत टोळीचा म्होरक्या तू असलास की एकच कायदा. रापणीचा. दांडीच्या वाळूवर रापण लागते तेव्हा होडीतून जाळं लांब सोडतात आणि दोन्ही दोऱ्या किनाऱ्यावरून ओढतात. ज्याने दोरीला हात लावला त्याला वाटा. सुरुवातीपासून ओढणाऱ्यालाही, आणि शेवटची दहा हात दोरी उरलेली असताना धावत आलेल्या पाहुण्यालाही. हा कायदा तू मोडक्या इंग्रजीत साऱ्या जगावर लादलास. शिंपल्याची ती ढाल, जिच्यासाठी आपण सहा जण तीन दिवस झटलो, ती तू कुणाला दिलीस? ब्रॉम्बीला! तो सगळं संपता संपता पोचला होता आणि त्याने मेलेल्या कुर्लीला एक लाथ मारली होती. बाकीच्यांनी शिव्यांचा पाऊस पाडला. तू शांतपणे टाइप केलंस, “हात लावला. वाटा मिळाला. या वेळी नंबर त्याचा, ढाल त्याची.”

राखेच्या किल्ल्यात तुझा हा कायदा चालेना. तिथे वाटणी फासे टाकून मशीनच करतं. तरी तू एकदा तुझ्या वाट्याचा मुकुट, दाराशीच मरून पडलेल्या एकाला देऊन टाकलास. उरलेल्या तिघांना (मी त्या दिवशी नुसता शेजारी बसून बघत होतो) वाटलं, यात काहीतरी लबाडी आहे. त्यांनी मत देऊन तुला किल्ल्याबाहेर फेकलं. मी इतका हसलो की खुर्चीवरून पडलो. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस.

आता मला ते लिहायला हवं जे मी टाळतोय.

तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा तुझे बाबा समुद्रात गेले ते आले नाहीत. मी तेव्हा तुझ्याच वर्गात. वाडीने जाळी वर काढली. एकही होडी मासेमारीला गेली नाही, सगळ्या शोधायला गेल्या. वेंगुर्ल्यापर्यंत किनारा चालून झाला. ते गावले नाहीत. शेवटी भटजींनी दर्भाचा बाहुला केला, त्यावर पंचा घातला, आणि त्या बाहुल्याला तू अग्नी दिलास. मी माझ्या बाबांचा हात धरून उभा होतो. मला आठवतं, तो किती पटकन जळला. काकींनी तुझ्याकडून शपथ घेतली की तू कधी होडीत पाय ठेवणार नाहीस. म्हणून तू बर्फात गेलास. दुसऱ्यांच्या माशांखाली घालायच्या बर्फात.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मागच्या आठवड्यात सोमवारी, तू एकटाच खाणीच्या तळाचा नकाशा करायला उतरलास, गुडघाभर पाण्यात कुर्ल्यांनी तुला घेरलं आणि तू पडलास, तेव्हा मी हातातला चहा सुद्धा खाली ठेवला नाही. घड्याळात साडेबारा झाले होते.

“नंद्या, परवानगी दिलंय तुका. उद्या दोघा मिळान वडून काढूया.”

“मेलेलो बाहुलो तो. पडांदे थंय. नवो कर.”

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. तुला जणू ऐकूच आलं नसावं, तसं. मग पडद्याकडे वळलास आणि म्हणालास, “उद्या ये मां?”

“बघूया,” मी म्हटलं. मंगळवारी मी आलो नाही. मांडवाचे बांबू मोजायचे होते असं घरी सांगितलं. बांबू कुठे पळून जात नव्हते. बुधवारी सकाळी तू बर्फाची लादी उतरवून कारखान्याच्या कठड्यावर टेकलास आणि तसाच राहिलास.

गुरुवारी मी काय केलं ते मला आठवत नाही. शुक्रवारी अंगावर पाण्याचा पहिला तांब्या घेतला आणि दुसरा हातातच राहिला. परवानगी! माझ्या एकट्याच्या नावावर. सोमवार दुपारपर्यंत. तेव्हापासून, वासू, मी मनाशी म्हणायचो, अरे, खेळ आहे तो. पडद्यावरचे ठिपके आहेत. आणि लगेच तो पंचा घातलेला बाहुला दिसायचा.

शनिवारी तुझ्या पडवीत येऊन बसलो. दोन्ही कॉम्प्युटरवर वहिनींनी टॉवेल टाकले होते. माणसं येत होती, काकींजवळ बसून जात होती. त्यांच्यासमोर टॉवेल काढायचा? खाणीतलं ते ढोलाचं संगीत तुझ्या घरात लावायचं? मी तीन कप चहा प्यायलो, तीन वेळा हात पुढे केला, आणि तीन वेळा पायाला खाज सुटल्यासारखं करून मागे घेतला. घरी गेलो. वीस वर्षं लोकांसमोर सोंगं करणारा मी, तुझ्यासाठी एक टॉवेल उचलू शकलो नाही.

रविवारी वहिनींना विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, “माका काय कळना नाय. आयेक विचारा.”

काकी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. खेळ, खाण, डंजन, यातलं काहीच सांगता येईना. शेवटी म्हटलं, “काकी, वासू कॉम्प्युटरातसून एके ठिकाणी जाय. थंय तो पाण्यात पडलो हा. तेका भायर काढूचो आसा. तेनी माका काढूक सांगल्यान आणि मी काढलंय नाय.”

काकींनी मान वर केली. “खंय पडलो हा ता म्हायत आसा तुका?”

“होय.”

“जागो म्हायत आसा?”

“होय काकी. तेनीच नकाशो काढल्यान हा.”

“आणि किती दीस गावतत?”

“सात. उद्या दुपारी संपतत.”

त्या भिंतीला धरून उठल्या. “जागो म्हायत आसा आणि तू हय चाय पित बसलंस मेल्या?”

टॉवेल त्यांनीच काढला.

रविवारी मी एकटा उतरलो आणि दुसऱ्याच मजल्यावर मेलो. आता खाणीत आपण दोघे. तेवढ्यात लाइट गेली ती रात्रीपर्यंत आली नाही. म्हणून काल सकाळी जनरेटर, समजलं? हौस म्हणून नाही.

काल मी लांबलचक काही लिहिलं नाही. सगळ्यांना दिसेल अशा फळ्यावर टाइप केलं, वासू खरोखरचा वारला. त्याचा देह खाणीच्या तळाला आहे. माझ्याकडे परवानगी आहे, ताकद नाही. वेळ साडेबारापर्यंत. मग वाट बघत बसलो. त्या खेळात आता माणसं उरलीत किती? सगळे किल्ल्यात गेले, मीच तर तुला तिकडे ओढत होतो. दहा मिनिटं काही नाही. वीस मिनिटं काही नाही. काकी स्टुलावर माझ्या उजव्या खांद्यामागे. अंगणात धडधड. पडवीत सात-आठ माणसं, काय चाललंय ते विचारायचा धीर न झालेली.

मग एक ओळ आली. ब्रॉम्बी. “ढालवाला वासू?”

मी लिहिलं, हो.

“गुडघे नवे आहेत. येतो.”

मग एकेक येत गेले. फिनलंडची ती जादूगारीण. ब्राझीलचा तो, जो तुला नेहमी ‘कॅप्टन’ म्हणायचा. दोन नावं मला अजिबात ओळखीची नव्हती. त्यांनी लिहिलं, पाच वर्षांपूर्वी एकदा वाटा मिळाला होता. साडेदहाला आम्ही अकरा जण खाणीच्या दारात होतो. मी तुझा पुसट नकाशा मांडीवर घेतला.

उतरायला तास लागला. वाटेत दुसऱ्या मजल्यावर माझं कालचं प्रेत सापडलं, त्यावरचं सामान मी पुन्हा अंगावर चढवलं. मध्येच एकजण घाबरून पळाला, कुर्ल्यांचा लोंढा सगळ्यांवर आला, चौघे मेले. (बघितलंस? दुसऱ्याच्या चुकीने! हेच मी म्हणत होतो!) त्यांना जिवंत करण्यात वीस मिनिटं गेली, आणि मी घड्याळाकडे बघत पडवीत मोठ्याने शिव्या दिल्या, सुतकात. 

बाराला दहा मिनिटं असताना तू दिसलास. पाण्यात पालथा. तुझं नाव डोक्यावर तरंगत होतं, त्यापुढे फक्त ‘याचा देह’ एवढंच जोडलेलं.

“ह्यो?” काकी म्हणाल्या.

“होय.”

त्या पुढे वाकल्या. पडद्याला हात लावला नाही, पण हात तिथपर्यंत नेला. “मगे वड.”

एक बटण दाबलं की देह दोन पावलं सरकतो. पुन्हा जवळ जायचं, पुन्हा दाबायचं. चालवायचं आणि दाबायचं एकदम जमेना, मी भलतीच बटणं दाबायला लागलो. काकींनी विचारलं, “खयचा?” मी दाखवलं. त्यांनी बोट ठेवलं. मी चालवायचं आणि “आता” म्हणायचं, त्यांनी दाबायचं. “आता.” “आता काकी.” “आता.” बाकीचे दहा जण आमच्या चहूबाजूंनी कुर्ल्या अडवत होते.

बारा वाजून सहा मिनिटांनी जनरेटर खोकला आणि बंद पडला.

पेट्रोल! हजार मांडव उभारले, आणि तुझ्यासाठी टाकी बघायला विसरलो. तुझा तो बॅटरीचा डबा टी-टी करायला लागला. त्याच्यावर दहा मिनिटं चालतं, ते पण नवा असताना. मी खुर्चीवर बसूनच किंचाळलो, “भाऊ! पेट्रोल!”

भाऊ अंगणात हाताची घडी घालून उभे होते. त्यांना अजूनही काही कळलेलं नव्हतं. पण त्यांनी विचारलं नाही. स्वतःच्या लुनाची नळी काढली, तोंडाने ओढलं, थुंकले, डब्यात भरून टाकीत ओतलं. दुखवट्याला आलेल्या दोघांनी जनरेटर कलता धरला. एकाने दोरी ओढली, लागला नाही. दुसऱ्याने ओढली. तिसऱ्या खेपेला लागला. काकींनी या सगळ्यात बटणावरचं बोट काढलं नव्हतं. “आता म्हण रे,” त्या म्हणत होत्या. “आता म्हण.”

बारा सव्वीस. बाहेर आलो. तू सहज दुर्लक्ष करावंस असं ते साधं हिरवं गवत, आणि वर ऊन. ब्रॉम्बी खाली बसला. मग फिनलंडवाली. मग सगळेच तुझ्याभोवती बसले. खेळात बसायचं बटण असतं, ते मी इतक्या वर्षांत फक्त जखमा भरायला वापरलं होतं. पडवीतली माणसंही पडद्यामागे येऊन उभी राहिली. साडेबारा झाले आणि तू गवतावरून विरत गेलास. आधी पाय.

मग मी वाटणी केली. तुझं सामान तर तुझ्याबरोबर गेलं, म्हणून माझं. हेल्मेट ब्राझीलला, तलवार फिनलंडला, मोजे त्या घाबरून पळालेल्याला. ते “नको, नको” लिहीत होते. मी एकच ओळ टाकली, “हात लावला, वाटा मिळाला.” शेवटी कुणी तरी नवाच खेळाडू, गर्दी का जमली हे बघायला आलेला, विचारायला लागला की इथे काय मिळतंय. तो तर सगळं संपल्यावर आला होता. त्याला माझा कंदील दिला. आता मी त्या मुलखात लंगोटीवर उभा आहे. भाऊंचा वाटा म्हणून येत्या गणपतीत त्यांच्या दारी माझा सगळ्यात मोठा स्पीकर. ते आत्ताच घाबरलेत.

तुझी माफी मागायला मी हे लिहायला बसलो होतो. बाहुला म्हणालो त्याबद्दल, आणि मंगळवारबद्दल. बघ, चार पानं झाली आणि ते शेवटाला आलं. अजूनही धड जमत नाहीये. तू असतास तर म्हणाला असतास, माइक दिल्यार बोलशील.

माणसं गेली. जनरेटर बंद केला. एवढी शांतता झाली की माडावरचा कावळा ऐकू यायला लागला. काकी स्टुलावरून उठल्या नव्हत्या. बोट चोळत होत्या.

“नंद्या, तुमी भांडास ता ह्याच्यावरसून?”

“होय काकी. तेका ही खाण बरी वाटा. माका दुसरो एक किल्लो आसा, तो.”

“आणि त्या किल्ल्यात माणूस मेलो तर कसो वडतत?”

“थंय वडूचा लागना नाय. थंय मेलो काय लगेच दाराभायर उभो रवता. जितो.”

त्या स्टुलावरून उठल्या. मग टॉवेल झटकला, कॉम्प्युटरवर नीट पसरला, कोपरे ओढून सारखे केले.

“मगे तोच बरो,” म्हणाल्या, आणि आत गेल्या.

निकाल लागला, वासू. आठ वर्षांनी, माझ्या बाजूने. तू असतास तर गप्प बसला नसतास, अपील केलं असतंस.

कर ना रे.